बाळाची वाटी आधी, मंडळीचं कॅन नंतर

वाचकांचे प्रश्न : गोठा आणि बालआहार

वडोदरा आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेले हे प्रश्न निरनिराळे दिसले, तरी सगळ्यांच्या तळाशी एकच गोष्ट आहे: दारात दुभतं जनावर आणि घरात अशक्त मूल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गुजरातमधली पाच वर्षांखालची ३९ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. दुधासाठी नावाजलेल्या राज्यातला हा आकडा आहे. उत्तरं पशुवैद्यक आणि बालआहारतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या महिला मंडळाकडे यंदा थोडी रक्कम जमली आहे. छोटाउदेपूर जिल्ह्यातल्या एका गावात अशक्त मुलं असलेल्या सहा घरांना एकेक म्हैस द्यायचं चाललं आहे. कोणत्या जातीची घ्यावी?

जात सुरतीच घ्या. मही आणि साबरमती यांच्या मधला पट्टा हे तिचं मूळ ठिकाण. कोयत्यासारखी शिंगं, गळ्याशी दोन पांढरे पट्टे, अंग बेताचं आणि म्हणून खाणंही बेताचं. जाफराबादी दिसायला भारदस्त, पण तिचं पोट भरणं गरीब घराला झेपत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, सात-आठ महिन्यांची गाभण म्हैस बघा. पशुवैद्यकाकडून गाभ तपासून घ्या, चारही सड दाबून पाहा आणि रक्ताची ब्रुसेला (गर्भ पाडणारा, माणसालाही लागणारा रोग) चाचणी करूनच पैसे मोजा.

पण जातीच्या आधी पाण्याची चौकशी करा. उन्हाळ्यात दुभत्या म्हशीला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी नुसतं प्यायला लागतं. पंधरा लिटरच्या हंड्यानं मोजलं तर चार-पाच हंडे. अंगावर ओतायचं वेगळं, आणि वैशाखात ते ओतावंच लागतं, कारण म्हशीला घाम कमी येतो आणि काळी कातडी तापते. हे हंडे कोण आणणार? बहुतेक घरांत त्या अशक्त मुलाची आईच. हातपंप अर्धा किलोमीटर लांब असेल तर तिचे रोजचे दोन-अडीच तास तिथेच जातात, आणि तेवढा वेळ बाळाला भरवायचं काम सात-आठ वर्षांच्या ताईवर येतं. दूध घरात येतं आणि आई बाहेर जाते. म्हणून पाण्याची सोय नसलेल्या घराला म्हैस देऊ नका. त्याच पैशातून आधी टाकी किंवा नळ द्या.

आता खाण्याचा हिशोब. शरीर टिकवण्यासाठी रोज दीड-दोन किलो दाण (खुराक) आणि त्यावर दर दोन लिटर दुधामागे एक किलो. सहा लिटर देणारीला पाच किलोच्या आसपास, म्हणजे महिन्याला पन्नास किलोची तीन पोती. शिवाय सहा-सात किलो सुकी वैरण, पंधरा-वीस किलो हिरवा चारा, पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आणि तीस ग्रॅम मीठ. खनिज मिश्रण सर्वांत स्वस्त, पण पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री त्यालाच लागते. मग म्हैस वेळेवर माजावर येत नाही, आणि आली तरी कळत नाही, कारण म्हशीचा माज बहुधा मुका असतो आणि रात्री येतो. त्यामुळे पहाटे गोठ्यात चक्कर हवी: सोट (मागच्या बाजूनं येणारा चिकट स्राव) लोंबतो आहे का, थोडी-थोडी लघवी करते आहे का, दूध अचानक घटलं का. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा (रेतन करून घ्या), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

याच ठिकाणी चांगल्या हेतूनं दिलेल्या म्हशी बाजारात जातात. गाभणकाळ ३१० दिवसांचा. व्यायल्यावर दोन-तीन महिन्यांत गाभ राहिला तर वर्ष-सव्वा वर्षात पुढचं वेत. तो राहिला नाही तर वेतांमधलं अंतर दीड वर्षावर जातं, दूध मात्र नऊ-दहा महिन्यांत आटतं. मधले आठ-नऊ महिने भाकड म्हैस नुसती खाते, आणि घर तिला विकून मोकळं होतं. यावर उपाय असा, की सहा घरांच्या तीन जोड्या करा आणि प्रत्येक जोडीतल्या म्हशींच्या विण्यात असं अंतर ठेवा, की दोघी एकाच वेळी भाकड राहणार नाहीत. एकीची भाकड असेल तेव्हा दुसरीनं तिच्या मुलांसाठी रोज अर्धा लिटर द्यायचं, पुढे उलट. हे दोन्ही घरांतल्या बायकांसमोर, त्यांच्या तोंडून ठरवून घ्या. कागद नंतर करा.

विमा उतरवाच. कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला पडला तर त्याच आठवड्यात नवा लावून विम्यात नोंद करा. बिल्ला नाही तर दावा नाही, आणि हे बहुतेकांना म्हैस मेल्यावर कळतं. लाळ्या-खुरकूताची लस सहा महिन्यांनी, घटसर्पाची पावसाळ्याआधी.

आणि मुलांची आत्ताची अवस्था विसरू नका. अंगणवाडीतल्या पट्टीनं दंडाचा घेर मोजला आणि तो साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला, तर ते मूल म्हशीची वाट पाहू शकत नाही. त्याला त्याच दिवशी पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं. साडेअकरा ते साडेबाराच्या मधलं असेल तर अंगणवाडी ताईंकडून दर आठवड्याला वजन.

प्रश्न : आम्ही डभोईजवळ शेती करतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या घरांत म्हैस आहे, पण सगळं दूध मंडळीत (गावच्या सहकारी दूध संस्थेत) जातं आणि मुलं काळा चहा पितात. त्यांना समजावलं तर म्हणतात, दुधाचा पगार कमी होईल. काय सांगावं?

त्यांची काळजी खरी आहे, म्हणून उपदेशाऐवजी हिशोब मांडा. म्हैस सहा लिटर देते, घरात दोन मुलं. दोन वर्षांच्याला दिवसाला ३०० ते ४०० मिली पुरे, पाच वर्षांच्याला अडीचशे-तीनशे. दोन्ही मिळून पाऊण लिटरच्या आत. मंडळीत सव्वापाच लिटर जातंच. पगारातला आठवा भाग कमी झाला, आणि त्याच्या बदल्यात म्हशीच्या दुधातली प्रत्येक १०० मिलीमागे शंभरावर कॅलरी आणि साडेतीन ग्रॅमहून जास्त प्रथिनं मुलांच्या पोटात गेली.

खरी अडचण पैशाइतकीच क्रमाची आहे. उरलं तर मुलाला, असं म्हटलं की उरत नाही, कारण कॅन भरेपर्यंत घाई असते आणि मंडळीची वेळ ठरलेली असते. म्हणून धार संपताच, कॅनमध्ये ओतण्याआधी, मुलांचं दूध एका ठरलेल्या भांड्यात काढायचं. भांड्यावर खिळ्यानं रेघ ओढून ठेवा. रेघेपर्यंत मुलांचं, वरचं मंडळीचं.

यात एक बारकावा आहे. धार काढताना पहिल्या धारांत फॅट अगदी कमी असतं आणि शेवटच्या धारांत सर्वांत जास्त. मंडळी फॅटवर भाव देते, त्यामुळे काही घरांत सुरुवातीचं पातळ दूध मुलांसाठी बाजूला ठेवतात. मुलाला वाटी मिळते, पण स्निग्धांश निघून गेलेला असतो. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या कपात काढून टाकून द्या, कारण त्यांत जंतूही सर्वांत जास्त. बाकी सगळं दूध बादलीत एकत्र करा, उलथण्यानं हलवा आणि मगच मोजा. पान्हा सुटला की सहा-सात मिनिटांत धार पुरी व्हायला हवी. रेंगाळलं तर पान्हा चोरला जातो आणि मागचं, फॅटचं दूध कासेतच राहतं. त्यात घराचं नुकसान आणि मंडळीतला भावही खाली.

फ्रिज नसलेल्या घरात संध्याकाळचं दूध मुलांसाठी ठेवणं सोयीचं. उकळी आल्यावर ढवळत दोन-तीन मिनिटं ठेवा. निम्मं जेवणाबरोबर द्या, निम्मं कोमट झालं की विरजण लावा. सकाळी ते दही खिचडीत किंवा मक्याच्या रोटल्याबरोबर. उन्हाळ्याच्या रात्री तापवलेलं दूध सकाळपर्यंत टिकेल याची खात्री नसते, दही मात्र टिकतं. घरात तूप करून विकत असतील तर ताक फेकू नका. स्निग्धांश तुपात गेला तरी प्रथिनं आणि कॅल्शियम ताकात उरतात. तेव्हा मुलाच्या घासात चमचाभर तेल वेगळं घाला.

वर्षअखेरीस मंडळीकडून भावफेर (दुधावरचा बोनस) मिळतो. तो हातात आला की विम्याचा हप्ता आणि पावसाळ्याआधीची वैरण घेऊन टाका. मग चारा महागल्यावर मुलांच्या रेघेला धक्का लागत नाही.

प्रश्न : मी कवांट भागात शिक्षिका आहे. शाळेजवळच्या एका घरातलं दीड वर्षाचं मूल दिवसाला लिटरभर दूध पितं, बाकी काही खात नाही. अंगानं भरलेलं दिसतं, पण पांढरंफटक आहे. आई म्हणते, दूध तर पितं ना!

त्या आईला अंगणवाडीत पाठवायला उशीर करू नका. बहुधा हिमोग्लोबिन कमी निघेल. दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि त्यातलं कॅल्शियम व केसीन हे प्रथिन इतर अन्नातलं लोहही शोषू देत नाही. लिटरभर दुधानं पोट भरलं की भूक उरत नाही, मग डाळ, भाजी, अंडं पोटात जातच नाही. काही लहान मुलांत जास्त दुधानं आतड्यातून अगदी थोडं रक्तही पाझरतं. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात गुजरातमध्ये ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत ॲनिमियाचं प्रमाण ७९.७ टक्के होतं. मूल अंगानं भरलेलं दिसतं म्हणून फसू नका. डोळ्याची खालची पापणी आणि तळहात बघा.

दूध आठवड्याभरात हळूहळू ४०० मिलीवर आणा. सकाळी एकदा, रात्री एकदा, आणि मध्ये काही नाही. दुपारी भूक लागेल, रडेल, तेव्हाच घट्ट जेवण पुढे करा. तुरीची किंवा उडदाची डाळ, भाकरी कुस्करून, वर लिंबाचे चार थेंब. लिंबामुळे डाळीतलं लोह शोषलं जातं. अंडं चालत असेल तर रोज अर्धं. सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांखालच्यांना लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, एका वेळी एक मिली देतात. ते दुधाबरोबर देऊ नये, तासभर अंतर ठेवा. ॲनिमिया निघाला तर डोस वेगळा असतो, तो डॉक्टर ठरवतील. चहा मुलाला नकोच.

सहा महिन्यांनंतर दूध हे जेवणात घालायची वस्तू म्हणून वापरलं तर सर्वांत उपयोगी. एक प्रमाण सांगतो. वीस ग्रॅम भाजलेलं मक्याचं किंवा तांदळाचं पीठ, दहा ग्रॅम भाजलेल्या मुगाचं पीठ, पाऊण कप पाण्यात शिजवायचं. उतरवण्याआधी ६० मिली उकळलेलं दूध आणि चहाचा एक चमचा तेल किंवा तूप. या एका वाटीत दोनशेच्या आसपास कॅलरी भरतात. चमचा तिरका केला तर पटकन ओघळू नये इतकी घट्ट हवी. डाळीच्या वरचं पाणी पाजणं म्हणजे पोट भरून उपाशी ठेवणं. बाळाला घट्ट गिळवत नसेल तर पाणी वाढवू नका. गहू किंवा नाचणीला मोड आणून, वाळवून दळलेलं पीठ अर्धा चमचा, चटका बसणार नाही इतक्या गरम लापशीत मिसळा. दोन-तीन मिनिटांत ती सैल होते, कारण मोडातलं विकर स्टार्च तोडतं. मग पुन्हा एक उकळी आणा. अंगणवाडीतून मिळणाऱ्या बालशक्तीच्या पिठालाही हीच पद्धत चालते.

प्रश्न : सून पाच महिन्यांच्या नातीला फक्त अंगावर पाजते. म्हशीचं दूध निम्मं पाणी घालून द्यावं का? (पादरा)

नाही. सहा महिने पुरे होईपर्यंत पाणीही नको, गुटीही नको, मध तर वर्षभर नको. पुढेही वरच्या दुधात पाणी घालू नका. पाण्यानं दूध हलकं होत नाही, नुसतं कमी होतं. वर्षाच्या आत वरचं दूध जेवणात घातलेलं तेवढंच, पिण्यासाठी आईचं. वरच्या दुधानं जुलाब झाले की बहुतेक वेळा दोष बाटलीच्या रबरी बोंडात अडकलेल्या जुन्या दुधाचा असतो. बाटली काढा, वाटी-चमचा वापरा.

प्रश्न : म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली, डॉक्टरांनी सडात औषध सोडलं. मंडळीत ते दूध घेत नाहीत. टाकून देण्यापेक्षा घरात मुलांना दिलं तर? (सावली)

देऊ नका. उकळल्यानं प्रतिजैविक पूर्ण जात नाही. औषध एकाच सडात सोडलं असलं तरी ते रक्तातून बाकीच्या सडांतही उतरतं, म्हणून चारही सडांचं दूध टाकायचं. किती दिवस, ते नळीवर लिहिलेलं असतं. डॉक्टरांकडून वाचून घ्या आणि गोठ्याच्या खांबावर खडूनं तारीख लिहा, नाहीतर घरातला दुसरा माणूस चुकून दूध कॅनमध्ये ओततो. त्या दुधाला विरजण नीट लागत नसेल तर औषध अजून उतरत आहे असं समजा. मात्र विरजण लागलं म्हणून दूध निर्दोष ठरत नाही, तारीखच खरी. त्या दिवसांत मुलांसाठी शेजारून अर्धा लिटर विकत घ्या.

दगडी पुन्हा होऊ नये म्हणून अंगठा आत दुमडून सड ओढण्याची सवय सोडा. त्यानं सडाच्या आतली त्वचा चिरडते आणि जंतूंना वाट मिळते. पूर्ण मुठीनं दाबून काढा. धार झाल्यावर सड औषधी पाण्यात बुडवा आणि लगेच ओली वैरण पुढे टाका, म्हणजे म्हैस अर्धा तास उभी राहील. तेवढा वेळ सडाचं तोंड उघडं असतं. ती शेणात बसली की पुढचं दुखणं तिथेच सुरू होतं.

प्रश्न : बाळ नुकतं रांगायला लागलंय. गोठा घराला लागून आहे. शेणाचा काही त्रास होतो का? (वाघोडिया)

होतो, आणि या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातं. रांगतं मूल हात तोंडात घालतं. शेणातले, कोंबड्यांच्या विष्ठेतले जंतू रोज थोडे-थोडे पोटात गेले की दरवेळी जुलाब होतातच असं नाही, पण आतड्याचं अस्तर सुजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. वाटीभर दूध पाजूनही वजन वाढत नाही, याचं एक कारण हे असू शकतं.

गोठा आणि घर यांच्यामध्ये निदान कमरेएवढी कुडाची भिंत हवी. बाळासाठी घरात एक कोपरा ठरवा, खाली धुता येणारी चटई, आणि तिथे चपला नाहीत, कोंबड्या नाहीत. शेण सकाळ-संध्याकाळ काढून उकिरड्यावर न्या. आईनं धार काढून, शेण भरून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय बाळाला भरवू नये. नुसत्या पाण्यानं शेणाचा वास जातो, जंतू राहतात. गोठ्याच्या दाराशीच जाळीत साबण टांगून ठेवा. घरात ठेवलेला साबण आठवत नाही.

जुलाब झाले तर जेवण आणि अंगावरचं पाजणं थांबवू नका. ओआरएस द्या आणि सहा महिन्यांवरच्या बाळाला झिंकची २० मिलीग्रॅमची गोळी रोज एक, पूर्ण १४ दिवस. जुलाब थांबले की लोक गोळी बंद करतात. तसं करू नका.

प्रश्न : पावसात भिजून बुरशी आलेला मका म्हशीला घातला तर चालतो ना? आपण थोडाच खातो!

आपणच खातो. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष म्हशीच्या पोटात गेलं की दुसऱ्या दिवसापासून त्याचा अंश दुधात उतरतो, आणि तो उकळल्यानं नष्ट होत नाही. त्याचा मार यकृतावर बसतो. सरकी पेंडीच्या पोत्यातही हेच होतं, म्हणून पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. काळा-हिरवा पडलेला दाणा निवडून बाकीचा घालणंही नको. बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पलीकडे पोचलेली असते.

प्रश्न : म्हैस झेपत नाही अशा घरांना शेळी द्यावी का? (नसवाडी)

नसवाडीसारख्या भागात पुष्कळ घरांना शेळीच बरी. पाला-पाचोळ्यावर भागतं, पाणी एका घागरीत होतं, दीडशे दिवसांत विते, आणि एखादं करडू विकून घरखर्च निघाला की दुधाला कोणी हात लावत नाही. पांढरी सुरती शेळी याच पट्ट्यातली, दुधाला चांगली. चांगल्या शेळीचं रोजचं लिटरभर दूध मंडळीत न जाता घरातच राहतं, हाच तिचा मोठा गुण.

दोन गोष्टी पाळा. शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असतं, म्हणून मुलाच्या जेवणात डाळ आणि पालेभाजी हवीच. आणि ते दूध धारोष्ण पाजायची पद्धत बंद करा. शेळीतला ब्रुसेला माणसाला जास्त जोरात लागतो: महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, आणि तो लवकर ओळखू येत नाही. कळपात कुणाचा गर्भ गेला असेल तर वार (गर्भाबरोबर पडणारं आवरण) हातानं उचलू नका. प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा आणि कुत्र्यांना मिळू देऊ नका.

व्यायल्यावर पहिले तीन दिवस चीक करडांचा. पहिला अर्ध्या तासाच्या आत. म्हशीच्या पारडालाही पहिल्या दोन तासांत, आणि दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे तीस किलोच्या पारडाला तीन लिटर. खरवसाची आवड आपल्याकडे सगळ्यांनाच, पण तो वाटा पारडाचं पोट भरल्यावर उरेल तेवढाच काढा. पारडू मेलं की बऱ्याच म्हशी पान्हा सोडत नाहीत, आणि मग ऑक्सिटोसिनच्या सुईचा मोह होतो. त्या वाटेला जाऊ नका. कास कोमट पाण्यानं चोळा, आंबोण पुढे ठेवा, रोज त्याच वेळेला त्याच माणसानं बसा. आठवड्याभरात बहुतेक म्हशी वळणावर येतात. आणि पारडाला दहा-पंधरा दिवसांचं झालं की जंताचं औषध द्या, कारण म्हशीच्या पारडाला जंत आईच्या दुधातूनच येतात.